नुकारा

सहावीच्या फळ्यावर मी दर जूनमध्ये लिहिते:
भाऊ, भावाला. बहीण, बहिणीला.
प्रत्यय लागायच्या आधी नाम वाकतं, पोरींनो,
त्या वाकण्याला सामान्यरूप म्हणतात.
एकोणीस वर्षं उदगीरच्या या शाळेत
पोरी नव्या, चूक तीच:
'बहीणीला'तली न सुटणारी दीर्घ वेलांटी.

मार्चमध्ये हैदराबादहून पाकीट आलं.
अक्षर मन्मथचं. पत्र नाही,
चौकटीच्या कागदावर फक्त सहा शब्द,
ग्रीनलँडच्या लोकांचे.
कोशांचं काम करतो तो कुठल्याशा कंपनीत.
शब्द पाठवायची खोड जुनी:
नळाच्या रांगेत आम्ही दोघं
आजोळचे कानडी, शेजारचे तेलुगू,
खालच्या गल्लीतले उर्दू
गोट्यांसारखे बदलून घ्यायचो.

बाईचा थोरला भाऊ आनी, धाकटा अक्कालुक.
पुरुषाची थोरली बहीण आलेका, धाकटी नायाक.
आणि दोघीही बहिणी असतील, किंवा दोघेही भाऊ,
तर थोरलं आंगायू, धाकटं नुकाक.
म्हणजे नातं कुणाचं, एवढ्यावर भागत नाही.
हाक मारणारं कोण, तेही शब्दातच बसलेलं.

मला अक्कालुक आवडला.
इकडे थोरलीला आक्काच म्हणतात;
वाटलं, त्या शब्दाच्या उंबऱ्यावर
मी आधीच उभी आहे.
पण त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ होती
आणि तिथून निघालेला बाण
थेट शेवटच्या शब्दापर्यंत.

तीन दिवस मी ती हातचूक समजले.
चौथ्या दिवशी पेपर तपासताना
लाल पेन हवेत थांबला.

आमच्याकडे किती खाडाखोड करावी लागते:
धाकटा, धाकटी. माझा, माझी. आला, आली.
एक नाम हललं की
विशेषणापासून क्रियापदापर्यंत
सगळं घर अंथरुणात उठून बसतं.
त्यांच्या भाषेत 'तो' नाही, 'ती' नाही.
वाक्य जिथल्या तिथे झोपून राहतं,
बदलतो तो एकच शब्द,
आणि तोही माझ्यामुळे. मी बाई आहे म्हणून.

'माझी'साठीही वेगळा शब्द नाही तिथे,
प्रत्यय नामालाच चिकटतो.
नुकाकच्या शेवटचा क विरघळतो आणि होतं
नुकारा.
मोरीत, दार लावून, मोठ्यानं म्हणून पाहिलं.
नकारासारखं ऐकू आलं.
परत म्हटलं.
नुकतीच कुणी आल्यासारखं वाटलं.

आई मिक्सरचं झाकण शोधत होती.
"शुक्रवारी कोण येऊलालंय म्हणालीस?"
मी म्हटलं, "मन्मथ..." आणि तिथेच अडले.
नवं नाव मी अजून विचारलंच नव्हतं.
आई म्हणाली, "लेकरूच येऊलालंय ना?
मग काय खातंय ते विचार आधी."
नपुंसकलिंग, एकवचन.
एकोणीस वर्षं शिकवते आहे, मला सुचलं नाही.
तिला किती कळलं होतं, ते अजूनही माहीत नाही.

गाडी रात्री तासभर उशिरा आली.
तोच एका बाजूला झुकलेला खांदा,
तीच शिवण उसवलेली पिशवी,
कानात काहीतरी बारीक चमकणारं.
"आक्का," म्हणाली.
इथे तो शब्द तसाच राहिला.
तिथे असतो, तर या एका हाकेत
मीही बदलले असते, आलेकाची आंगायू झाले असते.
पिशवी घेतली. पुस्तकं असणार, जड होती.
"नाव काय ठेवलंस?"
"घरी सांगते. आईसमोर."

रिक्षावाल्यानं विचारलं, किती जण?
दोघी, मी म्हटलं.
साठ म्हणाला. फार होते,
पण बसलो.